दहा हजार सातशे

संगीतानं पिस्टनवर थापलेली कणीक ब्लेडनं मधोमध कापली, निम्मा तुकडा अलगद सोडवला आणि दारातल्या उजेडात धरला. वॉल्व्हचा गोल ठसा कणकेत खोल उमटला होता. कणीक जिथं सगळ्यात पातळ झाली होती तिथं तिनं व्हर्नियर लावला. दोन मिलिमीटर. हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच. म्हणजे वॉल्व्ह खाली येताना पिस्टनला शिवत नव्हता. हीसुद्धा शंका फिटली, आणि तिला मुळीच आनंद झाला नाही.

"झाला का सैपाक?" बिजलीबाईनं मागच्या दारातून विचारलं. आर्णीतलं हे गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली होती. "मागच्या हप्त्यात बी एक गोळा नेलता. आता इंजिनाले भाजी बी लागन."

"याडी, हे आखरी."

"मागच्या हप्त्यात बी आखरीच होतं."

आई हसत आत गेली. संगीतानं पिस्टन पुसून स्वच्छ केला आणि हेड पुन्हा चढवायला घेतलं. आठ दिवसांत हे इंजिन ती दुसऱ्यांदा खोलत होती, आणि दोन्ही वेळा आत काहीही चूक सापडली नव्हती. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. निदान दुरुस्त तरी करता आली असती.

रविवारी यवतमाळच्या बाहेरच्या माळावर मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत होती. जो पहिला येईल त्याला पुण्याच्या एका टीममध्ये वर्षभर जागा मिळणार होती. जागा एकच. मागच्या वर्षी संगीता पाचवी आली होती. शर्यतीतली ती एकटीच मुलगी, त्यामुळे पाचव्या नंबरचंही लोकांनी इतकं कौतुक केलं की तिला त्या कौतुकाचाच राग आला. वळणांवर ती कोणाला हटली नव्हती. पण सरळ पट्टीवर तिची गाडी नऊ हजार तीनशे फेऱ्यांवर अडखळायला लागायची, आणि नागपूरची पोरं तिच्या बाजूनं निघून जायची.

ती मर्यादा तिच्या वडिलांनी, धावजीनं, घातलेली होती. इंजिन मिनिटाला किती फेरे सुरक्षितपणे घेऊ शकतं, हे ठरवण्याची धावजीची एक रीत होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि दुसऱ्याला हळूहळू ॲक्सिलेटर पिळायला सांगायचं. फेरे फार वाढले की वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दम संपतो, वॉल्व्ह वेळेवर बसत नाही आणि आत बारीक फडफड सुरू होते. ती ऐकू आली की धावजी हात वर करायचा. त्या आकड्यातून पाचशे वजा करायचे, आणि उरेल ती मर्यादा इग्निशनच्या डबीत भरायची. त्यापुढं डबी ठिणगीच देत नाही; तपासणीपुरती ती मर्यादा काढून ठेवायची. दिग्रस, पुसद, थेट यवतमाळहून लोक त्याच्याकडे गाड्या घेऊन यायचे. त्यांच्या बंजारा तांड्यात म्हणत की हे कान त्याच्या आज्याचे. तो आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा, आणि रांगेतल्या शंभर बैलांतला कोणता लंगडायला लागणार हे त्याला घंटेवरून आदल्या दिवशीच कळायचं. यातलं खरं किती, कोण जाणे. पण धावजीच्या हाताखालून गेलेलं एकही इंजिन फुटलं नव्हतं, हे मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं.

या हिवाळ्यात संगीतानं इंजिनाचं आतलं सगळं बदललं. कडक स्प्रिंगा, घडीव हलका पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड. एवढं केल्यावर इंजिनानं साडेअकरा हजार तरी सोसायला हवे होते, आणि मर्यादा अकरा हजारांवर न्यायला हवी होती. अकरा हजारच तिला हवे होते. तेवढे मिळाले तर सरळ पट्टी तिसऱ्या गिअरमध्येच संपते, मधे गिअर बदलावा लागत नाही. हा हिशेब तिनं वहीत तीनदा करून पाहिला होता.

आणि धावजीनं हात वर केला तो नऊ हजार आठशेवर. जुन्या इंजिनाला जिथं केला होता, अगदी तिथंच.

तिनं इंजिन खोललं, स्प्रिंगा तपासल्या. चोख. बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा नऊ हजार आठशे. मग आज पुन्हा हा कणकेचा खटाटोप. आतलं सगळं बदललं आणि मर्यादा जिथल्या तिथं, तर बदललं कशाला? हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं एकेक आवळताना तिचे दात आवळलेले होते. हार मानायची नाही एवढं नक्की होतं, पण हार नेमकी कोणापुढं मानायची नाही हेच कळत नव्हतं.

शेवटचा बोल्ट बसला आणि तिची नजर हँडलवरच्या आरपीएम मीटरवर गेली. गोल, काळ्या तबकडीचा, लाल काट्याचा. सगळं तपासलं, पण हा खरं बोलतो कशावरून? तिनं तिथल्या तिथं मीटर उतरवला आणि बाकावर ठेवला. डबीची वायर लॅपटॉपला जोडली की फेरे तिथं दिसतातच. तिनं शंका स्प्रिंगांवर घेतली होती, पिस्टनवर घेतली होती, आता मीटरवर घेतली. पुढं तिचा विचार गेला नाही.

दुपारी धावजी जेवून आला. गाडी स्टँडवर उभी होती, इंजिनासमोर मोठा पंखा लावलेला होता. तो नेहमीच्या जागी उकिडवा बसला, पेचकस उचलला, आणि थांबला.

"मीटर कुठी गेला?"

"खराब झाला वाटते. आज लॅपटॉपवर पाह्यते."

"मंग थो लॅपटॉप इकडं फिरव."

"कायले? तुमाले तं आयकाचं हाय, बा."

धावजीनं फडकं घेतलं आणि पेचकसाची मूठ पुसली. मग टोक पुसलं. मग पुन्हा मूठ. तिला वाटलं, नाराज झाला. म्हातारपणी माणसाला आपली बैठकसुद्धा बदललेली चालत नाही.

"कर चालू," तो शेवटी म्हणाला.

तिनं इंजिन गरम होऊ दिलं आणि ॲक्सिलेटर हळूहळू पिळायला सुरुवात केली. नऊ हजार. साडेनऊ. बाकावरचे पाने थरथरायला लागले. नऊ हजार आठशे. तिनं वडिलांच्या हाताकडे पाहिलं. हात गुडघ्यावर होता.

दहा हजार. हात गुडघ्यावरच. संगीताच्या छातीत एकदम उकळी फुटली. मीटरच चोर होता! आठ दिवस तिनं त्या दीडदमडीच्या तबकडीपायी इंजिनाचं पोस्टमॉर्टेम केलं होतं. साडेदहा. अकरा. इंजिनाचा सूर एकसारखा वर चढत होता आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

अकरा हजार दोनशेवर तिला ते ऐकू आलं. डब्यात तुरीचे चार दाणे घालून हलवावेत तसा बारीक, कोरडा आवाज. इतकी वर्षं या बाकाशी काढली होती तिनं, तो कसला हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिनं वडिलांच्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही. पेचकस कानामागं लावून धावजी तिच्याकडे बघत होता, शांत, वाट पाहत असल्यासारखा.

तिनं झटकन ॲक्सिलेटर सोडला आणि इंजिन बंद केलं. पंख्याची घरघर तेवढी उरली.

"काहून बंद केलं?" धावजीनं विचारलं.

तेव्हा तिला कळलं. पूर्वी तो पेचकस लावला की डोळे मिटून घ्यायचा. लहानपणी तिला वाटायचं, बा इंजिनाला टेकून झोपतो. डोळे मिटणं कधी बंद झालं, ते तिला आठवेना. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत असताना शेजारी बसून राहणारा बाप मात्र आठवला. खिशातला फोन वाजत असताना बाहेर कोणाचा वाजतो ते बघणारा बाप आठवला. याडी अलीकडे काहीही सांगायचं तर त्याच्या समोर येऊन उभी राहते, हेही. घरातल्या घरात सगळं चाललं होतं आणि ती व्हर्नियर घेऊन कणीक मोजत बसली होती.

"केवापासून?" तिनं विचारलं.

धावजीनं पेचकस खाली ठेवला. न समजल्याचं नाटक त्यानं केलं नाही, त्याबद्दल तिला नंतर बरं वाटलं. त्या घडीला नाही.

"जाडा आवाज येते. बोलनं येते. बारीक नाई येत. तीन सालं झाले असतीन. जवानीत गिट्टीच्या क्रशरवर दहा सालं डिझेल इंजिनं सांभाळली, त्याचंच असन."

"आन् हात?"

"काटा पाहून."

"काटा पाहून?"

"कान चांगले होते तवा आयकलेलं ध्यानात हाय ना. कोनती गाडी कितीवर फडफडते थे. तुही नऊ आठशेले फडफडाची. थोच आकडा धरला." त्यानं पेचकस बाजूला सरकवला. "कमी देल्लं असन, पोरी. जास्त कोनाले नाई देल्लं."

"मागच्या साली बी?"

धावजीनं मान डोलावली.

"मागच्या साली मी पट्टीवर मांगं पडली, बा. सगळ्यांच्या समोर. मी समजली, मलेच जमत नाई."

"पडली मांगं. पन घरी तं आली."

तिच्या हातातलं फडकं तिनं बाकावर आपटलं आणि ती बाहेर निघून गेली. रस्त्यावर कापसानं भरलेला एक ट्रक जिनिंगकडे चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली, आणि दिसेनासा झाल्यावरही. राग खरा होता. एक आख्खं वर्ष गेलं होतं तिचं. पण रागावून करायचं काय, हे तिला ठरवता येईना. बापानं फसवलं म्हणावं, तर त्यानं सगळ्यांना फसवलं होतं ते जपून. आणि जपलं म्हणावं, तर ते फसवूनच. शेवटी तिला आठवलं की आज गुरुवार आहे आणि मर्यादा अजून ठरलेली नाही.

ती आत आली तेव्हा धावजी तिथंच बसलेला होता. पंखासुद्धा बंद केला नव्हता त्यानं.

"तुले आयकू आलं?" त्यानं विचारलं.

"आलं."

"कितीवर?"

लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे होता. साडेअकरा म्हणायला किती वेळ लागतो? साडेअकरातून पाचशे गेले, अकरा हजार. पट्टी तिसऱ्या गिअरमध्ये संपली असती. धावजीनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. आतापर्यंत आकड्यावर ती भांडत आली होती, ती समोर भांडायला कोणी होतं म्हणून. आता भांडायला कोणीच नव्हतं.

"अकरा हजार दोनशे," ती म्हणाली.

"मंग कितीवर ठेवतं?"

"दहा हजार सातशे."

"तुले तं अकरा पाह्यजे होते."

"पाह्यजे तं होते."

तिनं आकडा डबीत भरला. धावजी गुडघ्यावर हात देऊन उठला आणि त्यानं पंखा बंद केला.

शुक्रवारी सकाळी लालसिंग दिग्रसहून आला. पिकअपमध्ये गाडी बांधून आणली होती. मागच्या वर्षी तो चौथा आला होता, संगीताच्या एक नंबर पुढं, आणि त्याची गाडीही धावजीच्याच हाताखालची होती. यंदा त्यानंही नागपूरहून नव्या स्प्रिंगा, नवा पिस्टन, सगळं घालून आणलं होतं. रविवारी तोही त्याच एका जागेसाठी धावणार होता.

"काका, तुमच्या कानाबिगर मी मर्यादा ठेवत नाई," तो गाडी स्टँडवर चढवत म्हणाला. "नागपूरवाला म्हने, आमी लावून देतो. म्या म्हनलं, राहू दे."

धावजीनं पेचकस उचलला. क्षणभर तो हातात धरून उभा राहिला. मग त्यानं तो संगीतापुढं केला.

"आज हे आयकन."

लालसिंगला हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. "हे? हे तं परवा माह्याच संगं पळनार हाय, काका."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"मंग काई नाई. तुले चालत नसन तं नागपूरले जाय."

लालसिंगनं एकदा धावजीकडे पाहिलं, एकदा संगीताकडे. मग खांदे उडवून बाजूला झाला. नागपूर काही जवळ नव्हतं, आणि धावजीचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता.

संगीता उकिडवी बसली. वडिलांनी काल रात्रभर याचा विचार केला असेल, असं तिला त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं. पेचकस कानामागच्या हाडाला लावताच इंजिनाच्या आतलं सगळं डोक्यात उतरलं. धावजीनं ॲक्सिलेटर पिळायला घेतला. फेरे चढवताना त्याचा एक डोळा लालसिंगच्या हँडलवरच्या मीटरवर होता आणि दुसरा तिच्या हातावर.

सुरावरून नऊ हजार आठशे आले असावेत. इथं हात वर केला तर कोणाला कळणार होतं? लालसिंगला नाही. बापाला तर नाहीच. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. तिचा हात गुडघ्यावर होता आणि तो तिला जड झाला होता, खोटं कशाला बोला. सूर चढत गेला. दहा गेले. तिच्या गाडीचे दहा सातशे मागं पडले. अकरा गेले. नागपूरवाल्यानं काम चांगलं केलं होतं. हरामखोरानं फारच चांगलं केलं होतं. अकरा दोनशेलाही आत सगळं चोख वाजत होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

मग तुरीचे दाणे वाजले, आणि तिनं हात वर केला.

धावजीनं ॲक्सिलेटर सोडला. "अकरा हजार सहाशे," तो म्हणाला.

"मंग अकरा हजार शंभर ठेव," ती लालसिंगला म्हणाली.

लालसिंग बघतच राहिला. त्यानं मनात काहीतरी वेगळं धरलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. जरा वेळानं तो धावजीकडे वळला. "मागच्या साली तं तुमी मले नऊ तीनशेच्या वर जाऊ देल्लं नाई, काका."

"मागच्या साली मले आयकू येत नव्हतं," धावजी म्हणाला.

त्यानं ते मोठ्यानं म्हटलं. मागच्या दारात बिजलीबाई चहाचे कप घेऊन उभी होती, ती तिथंच थांबली. धावजीनं लालसिंगच्या तोंडावरची नजर काढली नाही. "आता बी नाई येत. ज्याले पुसाचं थ्यानं हिले पुसावं."

तिच्यासमोर बसून लालसिंगनं आपल्या डबीत आकडा भरून घेतला. भरून झाल्यावर त्यानं विचारलं, "तुही किती हाय?"

"दहा हजार सातशे."

त्यानं मनात वजाबाकी केली. तो वाईट माणूस नव्हता, पण हसू त्याला आवरलं नाही. "म्हंजे मंग पट्टीवर तं मी..."

"हाव. पट्टीवर तू," संगीता म्हणाली. तिनं आईच्या हातातून कप घेतला आणि त्याच्यापुढं केला. "पट्टी एकच हाय, लालसिंग. वळनं सात हाय."